परीटघडी सायकलवर

१५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय काढला. शिक्षकांनी फिकट शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट खोचलेला असावा. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुडता-दुपट्टा वापरावा. जीन्स, टी-शर्ट आणि भडक नक्षीचे कपडे शाळेत नकोत. त्याआधी ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असेच नियम केले होते आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितले होते. कपड्यांचा प्रकार कोणता, पायात काय असावे, सगळे कागदावर आले. हा वेश करून माणूस कामावर पोचतो कसा, याबद्दल अर्थातच त्यात अक्षर नाही. तारकर्लीहून मालवणात यायचे असेल किंवा मालवणातून कुंभारमाठचा चढ चढायचा असेल, आणि वाहन सायकल असेल, तर फिकट शर्ट फिकट राहणे आणि त्याची घडी शाबूत राहणे ही दोन्ही कामे त्या माणसाचीच.

हा प्रश्न चार हौशी लोकांचा आहे असे समजू नये. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले, तेव्हा देशात सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. दुचाकीवाल्यांपेक्षा ते थोडे जास्तच होते. कोकणात सायकल देशावरच्याइतकी कधीच रुळली नाही, कारण उघड आहे. २०१६ साली स्वच्छतेत सिंधुदुर्ग देशातल्या सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत पहिला आला. अभिमान वाटलाच, पण कुडाळ रस्त्याने चौक्यापर्यंत ज्याने पायडल मारले आहे त्याला ‘सपाट’ या शब्दावर हसूही आले असेल. तरी किनारपट्टीची गोष्ट वेगळी. देवबाग, तारकर्ली, वायरी, मालवणचा बाजार, पलीकडे कोळंब-सर्जेकोट हा पट्टा सायकलीला मानवणारा आहे. इथल्या कामाच्या वाटा पाच-सात किलोमीटरच्या असतात. एवढे अंतर पायांना जड नाही. जड जातो तो घाम, आणि त्याच्या मागोमाग येणारी चुणी.

चुणी पडते कशी, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक उपाय चुकतात ते इथेच. सुताचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. कापड दुमडले की काही बंध ताणतात, काही सुटतात आणि नव्या जागी पुन्हा जुळतात. तसे व्हायला साखळ्या हलत्या व्हाव्या लागतात. कोरड्या सुताच्या साखळ्या हलायला २०० अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागते. तेच सूत ओलसर झाले की नेहमीच्या हवेतल्या उष्णतेतही त्या हलतात. मग कापड ज्या स्थितीत वाळेल ती स्थिती पक्की होते. इस्त्रीवाला पाणी शिंपडून तापलेला तवा फिरवतो त्यामागे हेच गणित असते. म्हणजे चुणी ही उलटी इस्त्री आहे. ओल, ऊब, दाब आणि वेळ या चार गोष्टी इस्त्री करायला लागतात आणि इस्त्री मोडायलाही त्याच पुरतात.

आता पाठीवरच्या सॅकचा विचार करा. आत घडी घातलेला शर्ट, त्याला खेटून घामेजलेली पाठ, वर पट्ट्यांनी आवळलेला दाब, आणि हे सगळे अर्धा तास. चुण्या पाडणारे यंत्र मुद्दाम बनवायचे ठरवले असते तरी याहून चांगले जमले नसते. तरीही कामाचे कपडे सायकलवरून नेणारा नवखा माणूस पहिल्याच दिवशी सॅक उचलतो. माझे मत स्पष्ट आहे. सॅकमध्ये डबा न्यावा, छत्री न्यावी, तपासायच्या वह्या न्याव्यात. कपडे मागच्या कॅरियरवर.

कॅरियरवरही एक खोड असते. त्याची स्प्रिंगची पट्टी पिशवीला मधोमध एकाच रेषेत चिमटीत धरते आणि बरोबर त्या रेषेवर शर्टला आडवी मोड देते. वर्तमानपत्रासाठी ती पट्टी ठीक आहे, कपड्यांसाठी नाही. कॅरियरवर त्याच मापाची फळी किंवा जाड पुठ्ठा टाकावा, त्यावर पिशवी आडवी ठेवावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी दोन टोकांना बांधावी. रबर खड्ड्याचा हिसका स्वतः खाते. दुकानात मिळणारे आकड्यांचे दोर हेच काम करतात, पण मालवणच्या खाऱ्या हवेत त्यांचे आकडे वर्षभरात गंजतात आणि गंजाचा डाग पिशवीतून आत उतरतो. कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पॅनियर पिशव्या आता आपल्याकडेही मिळतात. जर्मनीतली ऑर्टलीब कंपनी १९८२ पासून अशा जलरोधक पिशव्या करते. कॅनडातली टू व्हील गिअर तर हँगरसकट कोट आत ठेवून सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशवी टांगायची सोय देते. पिशव्या उत्तम आहेत, किंमत मात्र आपल्या सायकलीहून जास्त भरू शकते. शिवाय उभ्या पॅनियरमध्ये कपडे हळूहळू खाली घसरून तळाशी गोळा होतात. आत ताठ पुठ्ठा नसेल तर महागडी पिशवीही कामाची नाही.

घडी कशी घालावी यावर दोन पक्ष आहेत. एक गुंडाळणाऱ्यांचा, दुसरा दुमडणाऱ्यांचा. गुंडाळणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण वळण जितके मोठे तितका धाग्यावर ताण कमी, आणि गुंडाळीत तीक्ष्ण मोड येतच नाही. पण नुसता शर्ट गुंडाळला तर आतले फेरे इतके लहान होतात की तिथे बारीक चुण्यांची जाळी पडते. गुंडाळीला पोटात गाभा हवा. हा गाभा सायकलस्वाराकडे आयता असतो, तो म्हणजे कामावर पोचल्यावर घाम पुसायचा टॉवेल. टॉवेलची घट्ट वळकटी करायची, पँटच्या दोन्ही क्रीज जुळवून ती वळकटीभोवती घ्यायची आणि वरून शर्ट. कापड सगळीकडे गोल वळते. पँटला ही रीत फार छान मानवते, शर्टला मध्यम.

शर्टासाठी मी दुमडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नव्या शर्टच्या खोक्यातला पुठ्ठा आणि कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी लोक पहिल्या दिवशी फेकून देतात. ती दोन्ही जपून ठेवावीत. एक सोडून एक बटण लावून शर्ट पालथा करावा, पुठ्ठा कॉलरखाली ठेवावा, बाजू आणि बाह्या मागे घ्याव्यात आणि खालचा भाग एकदाच वर घ्यावा. ही एक आडवी मोड कुठे येते हे महत्त्वाचे. ती पट्ट्याच्या खाली आली तर खोचलेल्या शर्टात झाकली जाते. शासन निर्णयातल्या खोचण्याच्या आग्रहाचा एवढा तरी फायदा करून घ्यावा. घडीच्या आत आणि बाहेर लाँड्रीवाले देतात तसली पातळ प्लास्टिकची पिशवी घालावी. कापडावर कापड घासले की सुरकुती धरून बसते, प्लास्टिकवर ते सरकते. पिशवी कपड्यांनी बरोबर भरलेली असावी. ढिली राहिली तर कपडे आत लोळतात, ठासून भरली तर दाबाने मोड बसते.

बहुतेकांच्या दिनक्रमातली एक गोष्ट मुळातच चुकीची आहे. सकाळी आंघोळ, घाईघाईत इस्त्री, गरम शर्टाची घडी आणि निघाले. ताज्या इस्त्रीच्या कापडात ऊब असते आणि शिंपडलेल्या पाण्याची ओलही. त्या क्षणी पडलेली घडी सर्वांत पक्की बसते. इस्त्री रात्रीच करावी, शर्ट अर्धा तास हँगरवर थंड होऊ द्यावा. ऑक्टोबर ते मे या काळात तो सकाळपर्यंत तसाच टांगलेला चालतो. पावसाळ्यात मात्र रात्रीच घडी करून पिशवीचे तोंड बंद केले पाहिजे, कारण उघड्यावर तो सकाळपर्यंत मऊ पडतो.

इथे किनाऱ्याचा मामला सुरू होतो. सर्वसाधारण दमट हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मालवणची आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, तेव्हा सुताची ओल कितीतरी वाढते. त्यात समुद्रावरून येणारे मीठ. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. म्हणून दांडीवरचा कपडा घरात, छपराखाली असूनही सुकत नाही आणि सुकला तरी कोरडा लागत नाही. नाशिकला किंवा सोलापूरला जी घडी दिवसभर टिकते ती देवबागेत दुपारपर्यंत ढिली पडते. पुण्यातल्या सायकलवाल्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, ते यामुळे.

पाऊस स्वतः मात्र तितका अवघड नाही. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. तोंड तीन वेळा गुंडाळून खटका लावायची रबरी पिशवी तारकर्लीच्या जलक्रीडावाल्यांकडे आणि स्कूबावाल्यांकडे सर्रास दिसते. होडीतून पर्यटकांचे मोबाइल आणि कपडे ते याच पिशवीतून नेतात. सायकलवाल्याने तीच घ्यावी. दहा-पंधरा लिटरची पुरते. तिच्यात शर्ट-पँटचे पुठ्ठे उभे सरकवायचे आणि हवा पूर्ण न काढता तोंड बंद करायचे. थोडी हवा राहिली की पिशवीच उशीसारखी कपड्यांचा दाब झेलते.

पावसाहून वाईट म्हणजे चिखल. जांभ्याच्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मागच्या चाकाने उडवलेली त्याची रेघ पाठीवर खालून वर जाते. पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि त्याला खाली लावलेली रबराची झालर, इतकेच त्यावर औषध. डाग पडलाच तर ब्लीच लावू नये. क्लोरिनने लोहाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो. लिंबू किंवा दुसरे एखादे आम्ल लोह सोडवते. मुळात कामाचे कपडे पिशवीत आणि अंगावर जुना टी-शर्ट असेल तर हा परिच्छेद वाचायचीही गरज नाही.

अंगावर एक आणि पिशवीत दुसरे, हे एकदा ठरले की कापडाची निवडही बदलते. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी लावला. भारतात साठच्या दशकात टेरिन आले, मग टेरिकॉट. एका पिढीतल्या मास्तर-कारकुनांनी त्यात अख्खी नोकरी काढली, कारण रात्री धुवावे, सकाळी घालावे, इस्त्रीचे नाव नको. नंतर लोक वैतागून सुतीकडे परतले, कारण टेरिकॉट कोकणच्या उन्हात अंगाला चिकटतो आणि घामाचा वास धरून ठेवतो. सायकल चालवताना घातला तर हे दोन्ही दोष खरे. पण तो सहा किलोमीटर पिशवीत बसून आला आणि पंख्याखाली घातला, तर दोष उरतात किती? सुमारे ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असलेला जुना टेरिकॉट सायकलवरून नेण्याच्या कामात आजही कोणाला हार जात नाही. ज्यांना तो नको त्यांच्यासाठी ‘रिंकल-फ्री’ सुती शर्ट आहेत. त्यांत सेल्युलोजच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. या कामात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रसायनशास्त्रज्ञ रूथ बेनेरिटो यांचे नाव मोठे आहे. हे शर्ट सुरकुतत नाहीत, पण बंधांमुळे धागा ठिसूळ होतो आणि कॉलर लवकर विरते.

खादीचे काय करायचे? कणकवलीजवळच्या गोपुरीत गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी आश्रम उभा केला तेव्हापासून या जिल्ह्याचे खादीशी नाते आहे, आणि खादीच्या सुरकुत्यांकडे त्या लोकांनी कधी कमीपणा म्हणून पाहिले नाही. पुढाऱ्यांच्या अंगावर ती कडक झाली, आणि तीच कडक खादी आता कचेरीत अपेक्षित असते. २०१८ मध्ये टपाल खात्याने पोस्टमनसाठी ‘निफ्ट’ या फॅशन-शिक्षणाच्या संस्थेने आखलेला खादीचा गणवेश आणला. सायकल आणि खादी एकत्र आणणारा हा बहुधा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग म्हणावा लागेल. हातसुताचा पीळ कमी-जास्त असतो, त्यामुळे खादी लवकर चुरगळते. तिला खळ घालून ताठ करावी तर घडीच्या जागी खळ मोडते आणि पांढरट रेघ उमटते. पावसात खळीवर बुरशी येते ती वेगळीच. खादी सायकलवरून न्यायची असेल तर खळ अगदी पातळ, पेजेच्या निवळीची, आणि घडी टॉवेलभोवती.

साडीबद्दल कमी बोलले जाते, पण हिशेबाने ती शर्टापेक्षा सोपी आहे. साडी म्हणजे शिवण नसलेला सरळ पट्टा. तिची लांब घडी वळकटीभोवती फार सुंदर बसते. पंचाईत आहे ती नेसायला लागणाऱ्या आडोशाची आणि वेळेची. साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत, मागच्या चाकाला जाळी लावतात, निऱ्या वर खोचतात. पण साडेपाच मीटर कापड साखळीपासून सांभाळत चालवणे म्हणजे दोन कामे एकाच वेळी. सलवार-कुडता घालून यावे आणि शाळेत दुपट्टा बदलावा, हाच बहुतेकींनी काढलेला मार्ग, आणि तो शासन निर्णयातही बसतो. वकिलांचा काळा कोट लोकरमिश्रित असेल तर एक खांदा उलटा करून दुसऱ्यात बसवायचा आणि अस्तर बाहेर ठेवून एकदाच दुमडायचा. लोकर मोड विसरते. उन्हाळ्यात तालुका-जिल्हा न्यायालयांत कोटाची सक्ती नसते, त्यामुळे घामाच्या महिन्यांत तेवढे ओझे कमी.

हॉलंडातले लोक सूट घालून सायकल चालवतात, कपडे बदलत नाहीत, असे आपल्याला ऐकवले जाते. खरे आहे. त्यांच्या उंच दांड्याच्या, बंद चेनकव्हरच्या सायकली आणि आपली काळी डबलबार एकाच घराण्यातल्या. पण तिथे जमीन सपाट, हवा थंड, आणि वेग आपल्या बाजारातल्या रमतगमत चालीचा. त्यांच्याकडून घ्यायचा तो वेग. कामाच्या शेवटच्या किलोमीटरला पाय सैल सोडले तर पोचल्यावर घाम निम्मा. चढावरच्यांसाठी बॅटरीची मदत देणारी सायकल आहे. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी-परवाना लागत नाही. कुंभारमाठच्या चढाला ती शोभते.

दुसरा एक विचारप्रवाह म्हणतो की सुरकुतीला घाबरायचेच कशाला? मे २०२४ मध्ये सीएसआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेने ‘रिंकल्स अच्छे हैं’ म्हणत सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालण्याचे आवाहन केले. तेव्हा आयआयटी मुंबईत असलेले चेतनसिंह सोलंकी यांच्या एनर्जी स्वराज चळवळीची ती कल्पना. कपड्यांच्या एका जोडाला इस्त्री करताना सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा त्यांचा हिशेब. जपानने २००५ मध्ये उन्हाळ्यात कोट-टाय सोडायची मोहीम काढली ती याच जातीची. मला कल्पना आवडते, भरवसा मात्र वाटत नाही. मोठ्या पगाराच्या शास्त्रज्ञाचा चुरगळलेला शर्ट साधेपणा ठरतो. कंत्राटी शिक्षकाचा तोच शर्ट गबाळेपणा ठरतो, आणि मालवणात तर वर “रात्री खंय निजललंस रे?” हेही ऐकून घ्यावे लागते. पोशाखाची सवलत वरून सुरू झाली तरच खाली पोचते.

आतापर्यंत सांगितलेले सगळे उपाय चालतात, पण सर्वांत चांगला उपाय म्हणजे कपडे रोज न नेणे. आठवड्यातून एक दिवस एसटीने यायचे, पाच शर्ट आणि दोन पँटी हँगरवर आणायच्या, मळलेले परत न्यायचे. बाजारात शाळेच्या किंवा कचेरीच्या वाटेवर इस्त्रीवाला असेल तर त्याच्याकडूनच परस्पर घ्यायचे. करवंटीच्या कोळशाची इस्त्री अजून काही ठिकाणी आहे आणि वीज गेली तरी ती अडत नाही. एवढे जमले नाही तरी पँट, पट्टा आणि बूट कायमचे कामावरच राहू शकतात. मग रोजच्या पिशवीत उरतो एक शर्ट आणि एक टॉवेल. पावसाळ्यात कपाटात कळीचा चुना उघड्या डब्यात ठेवावा. तो ओल खेचतो. कपड्यांना आणि लहान मुलांना त्याचा स्पर्श होऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

यासाठी सायकलस्वाराच्या हातात नसलेल्या तीन गोष्टी लागतात. टांगायला खुंटी, कुलूप लागेल असे कपाट, आणि दार बंद होईल अशी मोरी. शिक्षिकांच्या बाबतीत तिसरी गोष्ट सगळ्यांत आधी हवी. नव्या इमारती बांधताना यांचा खर्च कोणाच्या लक्षातही येणार नाही इतका कमी असतो, आणि जुन्या शाळांत एखादी अडगळीची खोली सहज मोकळी होते. मुख्याध्यापकांनी, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी, ओरोसच्या जिल्हा कचेऱ्यांतल्या साहेबांनी एवढे करावे. पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, तेव्हा खुंट्या मे महिन्यातच ठोकून घ्याव्यात.